बंगला मोकळा हाय का?

टीव्हीवर समुद्र लावून विश्वजित बाजूला झाला आणि म्हणाला, "हा रेकॉर्ड केलेला नाही हं. आत्ताचा आहे. लाइव्ह."

सोफ्यावर बसलेल्या पुण्याच्या खांबेटे पतिपत्नींनी मान डोलावली. समोरच्या खुर्चीत बसलेल्या आकारामतात्यांनीही डोलावली. समुद्र त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. पण कोल्हापुरात, आपल्याच दिवाणखान्यात, शोकेसमधल्या ढालींच्या आणि नातवाच्या फोटोच्या मधोमध त्याला पाहताना त्यांना दवाखान्याच्या काचेतून जवळच्या माणसाला बघितल्यासारखं वाटत होतं.

तात्यांचा मालवणजवळच्या एका वाडीतला बंगला विकायला काढला होता. 'समुद्रालगत, अत्याधुनिक, सर्व सोयींनी सज्ज' अशी जाहिरात त्यांच्या मुलानं, विश्वजितनं दिली होती. ती वाचून अभिराम खांबेटे आणि लीलाताई अंबाबाईच्या दर्शनाचं निमित्त काढून कोल्हापूरला आले होते. फोटोंवर अभिरामरावांचा विश्वास नव्हता. फोटोत सगळीच घरं चांगली दिसतात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा बंगल्यातल्या कॅमेऱ्यांतून सगळं घर इथंच टीव्हीवर दाखवायचं, आणि आवडलं तर दुपारी घाट उतरून प्रत्यक्ष जायचं, असं विश्वजितनं ठरवलं होतं. पडदे, दिवे, दारं, सगळं त्याच्या मोबाइलवर चालत होतं.

तात्यांनी हा बंगला घेतला तेव्हा त्यात मोबाइलवर चालणारं काहीच नव्हतं. पायावर चालणारी माणसं होती, तेवढी पुरेशी होती. मार्केट यार्डात गुळाची अडत जोरात असताना ते एकदा मित्रांबरोबर मालवणकडे गेले. तिथं एक निवृत्त पोस्टमास्तर लेकीकडे मुंबईला निघाले होते आणि घराला गिऱ्हाईक शोधत होते. त्यांनी चहा पाजला. चहा संपायच्या आत तात्यांनी घर घेतलं. कौलारू, लाल कोब्याचं, पुढं पडवी आणि पडवीपुढं सरळ समुद्र. परत आल्यावर गल्लीनं कपाळाला हात लावला. "चांगलं उसाचं रान घ्यायचं सोडून वाळू घेतलासा व्हय, तात्या?" असं लोक विचारायचे. तात्या हसायचे.

पहिल्यांदा सगळे मिळून राहायला गेले, तेव्हा तात्यांची बायको विठाबाई घोटाभर पाण्यात उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, एवढं पाणी जातं तरी कुठं?" तात्यांना तेव्हा उत्तर आलं नव्हतं आणि आजही येत नाही. पण त्या प्रश्नासाठी का होईना, घर घेतलं ते बरं झालं, असं त्यांना आतून वाटत आलं होतं.

बाकी समुद्राकाठी राहण्याची कोल्हापूरकरांची रीत वेगळी. समोर होडीतून ताजी सुरमई उतरत असताना ही मंडळी कोल्हापूरहून मटण घेऊन जात. मटण, चटणी, कांदे, तीन दगडसुद्धा एकदा नेले होते, तिकडचे दगड कसे असतील कुणास ठाऊक म्हणून. पहिल्याच दिवशी मासे विकायला आलेल्या बाईनं आत डोकावून रटरटणारं पातेलं पाहिलं आणि टोपली खाली न ठेवताच ती परत गेली.

आणि बंगल्याची किल्ली कोल्हापुरात तात्यांच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असे. कुणीही यावं, "तात्या, बंगला मोकळा हाय का?" असं विचारावं. तात्यांनी "जावा की!" म्हणावं. झाला व्यवहार. नवीन लग्न झालेली जोडपी गेली, ऑपरेशन झालेले म्हातारे गेले, मैदानात चितपट झालेले पैलवान लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून जाऊन राहिले. प्रत्येक जण येताना एखादं भांडं तिथंच ठेवून येई. त्यामुळं बंगल्यातल्या स्वयंपाकघरात वाटीवर एका घराण्याचं नाव, झाकणावर दुसऱ्याचं आणि डावावर तिसऱ्याच कुणाच्या मुंजीची तारीख, असा सगळा संसार जमला होता.

आता मात्र बंगला विकणं भाग होतं. विश्वजितचं उचगावला लेथ मशीनचं वर्कशॉप होतं, भाड्याच्या शेडमध्ये. शेडच्या मालकाला जागा परत हवी होती. हातात ऑर्डरी होत्या, कामगार होते, आणि मशीन उचलून न्यायला जागा नव्हती. स्वतःची शेड बांधायची तर बंगला विकण्यावाचून मार्ग नव्हता. विश्वजितनं हे चाचरत सांगितलं तेव्हा तात्या एका शब्दात म्हणाले, "विक." त्या संध्याकाळी त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली, एवढंच.

जुन्या घराला भाव येत नाही असं एजंट म्हणाला, म्हणून विश्वजितनं आधी घर नवं केलं. कौलं गेली, स्लॅब आला. पडवीच्या जागी काचेची भिंत आली. पांढऱ्या फरश्या, पांढरा सोफा, आकडे दाबून उघडणारं कुलूप, धूर झाला की बोंबलणारं यंत्र. नावं घातलेली सगळी भांडी खोक्यात गेली. ते पाहायला तात्या एकदा गेले, तेव्हा चपला कुठं काढायच्या तेच त्यांना कळेना.

मग विश्वजितनं आईबापांना समोर बसवून सांगितलं, "कुलपाचा कोड फक्त आपल्या तिघांना माहीत आहे. व्यवहार होईपर्यंत बंगला कुणालाही द्यायचा नाही. अंबाबाईची शपथ घ्या."

तिघांनी शपथ घेतली. तात्यांची शपथ आठवडाभर टिकली. गल्लीतल्या बायकांच्या भिशीच्या प्रमुख धोंडुबाई देवळाबाहेर भेटल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "शेवटचं एकदा बघून येतो की, तात्या. इकल्यावर मग आमाला कुठला समुद्र?" यावर माणसानं काय बोलायचं? तात्यांनी कोड सांगितला. त्या पुढच्या रविवारी जाणार, असं त्यांनी आपल्यापुरतं धरून ठेवलं होतं.

"हा आपला बगिचा," विश्वजित म्हणाला. टीव्हीवर माड दिसले, हिरवळ दिसली. लीलाताई म्हणाल्या, "अगंबाई, किती सुंदर!"

"आणि हा हॉल. आता बघा हं, मी इथं नुसतं बोट लावतो."

त्यानं मोबाइलवर बोट लावलं. तिकडं घाटाखाली, पांढरे पडदे संथपणे दोन्ही बाजूंना सरकू लागले. काच दिसली. काचेवर वाळत घातलेला लाल लंगोट दिसला.



"ते काय आहे?" अभिरामरावांनी चष्मा वर केला.

"ते... माळी आहे आमचा," विश्वजित म्हणाला. "म्हणजे माळ्याचं आहे."

पडदे पुरते उघडले. पांढऱ्या सोफ्यावर एक धिप्पाड माणूस पालथा झोपला होता.

"हा माळी का?"

"हा... वॉचमन."

"झोपलाय."

"रात्रपाळी असते त्याची."

तात्यांनी खुर्चीतून पुढं वाकून पाहिलं. पण त्यांना काही मेळ लागेना. कारण झोपलेला माणूस भिशीतला नव्हता, तालमीतला होता. आपण कोड दिला बायकांना, मग हे पैलवान आत गेले कसे? त्यांनी हळूच लेकाकडं पाहिलं. विश्वजितचं तोंड पडलं होतं. पोरगं आपल्यावर चिडलंय, असं समजून तात्यांनी मान खाली घातली.

"आपण बाहेरचा भाग बघू," असं घाईघाईनं म्हणून विश्वजितनं कॅमेरा बदलला. पूर्वी जिथं पडवी होती तिथं आता लाकडी फळ्यांचा ओटा होता. त्या ओट्यावर तीन दगड मांडून, त्यावर मोठं पातेलं चढवून, उघड्या अंगानं जोतीराम डाव फिरवत होता. जोतीराम म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक जेवणाचा आचारी. बारसं असो की निवडणूक, पातेल्याजवळ तोच. चारपाच जण त्याच्याभोवती कांदे चिरत बसले होते.

"एवढा स्टाफ लागतो?" अभिरामरावांनी शांतपणे विचारलं. "मेंटेनन्स बराच दिसतोय."

"मी जरा चहाचं बघतो," म्हणून तात्या उठले आणि खिशातला फोन चाचपत स्वयंपाकघरात शिरले. धोंडुबाईंना थांबवायला हवं होतं. त्या आजच निघाल्या असल्या तर?

स्वयंपाकघरात विठाबाई फ्रिजच्या आडोशाला उभी राहून, तोंडाला पदर लावून फोनवर कुजबुजत होती. "पृथ्वीराज, ऐक माजं. आत जायचं न्हाय. हाय तितनं मागं फिर. काय? वाडीत पोचलाईस?"

तात्यांना पाहून ती दचकली. फोन पदराखाली गेला.

"कोण पृथ्वीराज?" तात्यांनी विचारलं.

"माजा भाचा. शिरोळचा. किती पृथ्वीराज हायत तुमच्या वळकीत?"

"त्याला तू कोड दिलास? शपथ घेतलीस न्हवं?"

"नवी सासुरवाडी घिऊन चाललाय. आत्त्याचा बंगला दावतो म्हणून बोलून बसलाय बिचारा. न्हाय कसं म्हणायचं?" विठाबाईनं त्यांच्या हातातल्या फोनकडं बोट दाखवलं. "आन् तुमी कुणाला फोन लावायलाय?"

तात्यांनी फोन कानाला लावला. तोवर पलीकडून धोंडुबाईंनी फोन उचलला होता. आजूबाजूला खूप कालवा होता, म्हणून तात्यांनी आवाज चढवला. तात्यांचा चढलेला आवाज मार्केट यार्डात सौदे पुकारून तयार झालेला.

"धोंडुबाई! आत जाऊ नगा! हितं गिऱ्हाईक बसलंय घरात! दोन तास कुठंतरी देवळात जाऊन बसा!"

त्यांचं वाक्य संपलं आणि लगेच दिवाणखान्यातून तेच वाक्य, त्यांच्याच आवाजात, पुन्हा ऐकू आलं. "आत जाऊ नगा! हितं गिऱ्हाईक बसलंय घरात!"

तात्या धावत बाहेर आले. विश्वजितनं पुन्हा कॅमेरा बदलला होता आणि टीव्हीवर बंगल्याचं फाटक दिसत होतं. फाटकात टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती आणि तिच्यापुढं नव्या कोऱ्या साड्या नेसलेल्या भिशीच्या बायका. धोंडुबाईंनी फोन कानाला न लावता, सगळ्या जणींना ऐकू यावं म्हणून हातावर आडवा धरला होता. तिथल्या कॅमेऱ्यानं तात्यांना पकडलं होतं आणि इथल्या टीव्हीनं पाहुण्यांपुढं हजर केलं होतं.

"गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच ना?" लीलाताईंनी विचारलं.

"पावणं म्हणायचं होतं," तात्या म्हणाले आणि खुर्चीत बसले.

तेवढ्यात ट्रॅव्हलरच्या मागं एक जीप येऊन थांबली. तीतून पृथ्वीराज उतरला. मागोमाग सासरे, सासू, दोन मेव्हणे आणि टोपलीभर केळी. पाठोपाठ आतून डाव हातात घेऊन जोतीराम बाहेर आला.

"कोण तुमी?" जोतीराम गरजला. "बंगला बुक हाय!"

"बुक कसला?" धोंडुबाईंनी कमरेला हात लावले. "आमाला खुद्द आकारामतात्यांनी कोड दिलाय."

"आमाला आत्त्यानं दिलाय," पृथ्वीराज म्हणाला. सासऱ्यांसमोर त्याला माघार घेणं शक्यच नव्हतं. "घर आत्त्याचंच हाय. तुमाला कुणी दिला ते सांगा!"

दिवाणखान्यात तात्यांनी विठाबाईकडं पाहिलं, विठाबाईनं तात्यांकडं. मग दोघांनी मिळून टीव्हीकडं पाहिलं. जोतीरामला ना त्यांनी कोड दिला होता ना हिनं.

"मला?" टीव्हीवर जोतीरामनं छाती पुढं काढली. "मला विश्वजितनं दिलाय! परवा रातच्याला स्वतः म्हणला, जोतीमामा, शेवटचं एकदा जाऊन या, फकस्त तात्यांना सांगू नगा!"

विश्वजित छताकडं पाहू लागला. छताला पाहण्यासारखं काही नव्हतं.

"शपथ कुणी घ्यायला लावलीती रं?" विठाबाईनं विचारलं.

"आई, त्यानं लहानपणी मला खांद्यावर बसवून पाण्यात नेलंय," विश्वजित पुटपुटला. "त्याला काय सांगू? व्यवहार चालू आहे म्हणून?"

फाटकातलं भांडण सुरू झाल्यापासून अभिरामराव गप्प होते. ते गप्प आहेत याचीच विश्वजितला जास्त धास्ती वाटली. निदान बाहेरचं चित्र तरी झाकावं म्हणून त्यानं हॉलचा कॅमेरा लावला आणि घाईनं पडदे बंद करायचं बटण दाबलं. ते दाराचं होतं. बंगल्याची अख्खी काच बाजूला सरकली. ओट्यावर जोतीरामच्या माघारी कुणीतरी उत्साहानं तेलात चटणी टाकली होती. तो सगळा ठसका समुद्राच्या वाऱ्यानं थेट हॉलमध्ये ढकलला आणि धुराचं यंत्र बोंबलू लागलं.

सोफ्यावरचा पैलवान ताडकन उठला आणि सवयीनं शड्डू ठोकून उभा राहिला. पृथ्वीराजची सासू तेवढ्यात घर बघायला आत आली होती. उघडा पैलवान बघून ती किंचाळली. विश्वजितनं यंत्र बंद करायला बोट लावलं, तर काच मिटली, कुलूप लागलं आणि सासूबाई, पैलवान आणि ठसका असे तिघं आत अडकले. पुन्हा बोट लावलं, तर हिरवळीतल्या तुषार सिंचनाच्या नळ्या सुरू झाल्या आणि भिशीच्या नव्या साड्या जाग्यावर भिजल्या.

"विश्वा!" जोतीराम कॅमेऱ्याकडं बघून ओरडला. त्याचा लालबुंद चेहरा टीव्हीभर झाला. "बघायलाईस न्हवं? दार उघड की लेका, पावणी अडकली!"

अखेर लीलाताई उठल्या, त्यांनी विश्वजितच्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि एकेक बटण वाचून दार उघडलं, पाणी थांबवलं, बोंब बंद केली. मग त्या सोफ्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"झालं," विश्वजित म्हणाला. त्याच्या आवाजात शेड, मशीनं, ऑर्डरी सगळं बुडालेलं होतं. "माफ करा, साहेब. तुमचा वेळ गेला."

तात्यांना लेकाकडं बघवेना. बंगला राहतो याचा मनात कुठंतरी आनंद झाला होता आणि त्या आनंदाची त्यांना फार लाज वाटत होती.

पण पाहुणे तसेच कसे जाणार? विठाबाईनं पानं घेतली. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण. खांबेट्यांनी आधी नको नको म्हटलं, मग पांढरा रस्सा तीनदा घेतला. टीव्ही बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. तिकडं बंगल्यातही भांडण मिटलं होतं. जोतीरामनं पातेलं उतरवलं होतं, भिशीच्या बायकांनी पोळ्यांची चवड सोडली होती, पृथ्वीराजच्या सासऱ्यांनी केळी वाटली होती. सगळे ओट्यावर समुद्राकडं तोंड करून जेवायला बसले होते. कॅमेऱ्यात फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या आणि पाठींच्या पलीकडं पाणी.

"असंच असायचं," तात्या म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले. "पडवी होती तवा तर खांबाला टेकायला भांडणं लागायची. कोल्हापुरात रोज एकमेकांशी भांडणारी माणसं, पण तितं जेवून बसली की एक सबुद बोलायची न्हाईत. नुसती बघत बसायची. मला लई बरं वाटायचं, पावणं. आपल्याकडं असलं कायतरी हाय, जे दिलं तरी कमी होत न्हाय, असं वाटायचं."

"मग विकता कशाला?" लीलाताईंनी विचारलं.

"पोराला शेड बांधायची हाय," तात्या म्हणाले. "समुद्र लई बघितला आमी. आता त्याचं चालाय पायजे."

विश्वजितचा घास हातात राहिला.

अभिरामरावांनी हात धुतला, रुमालानं पुसला आणि म्हणाले, "आम्ही घेतो."

"काय?" तिघंही एकदम म्हणाले.

"वर्षभर आम्ही किनाऱ्यावरची घरं बघतोय. सगळी देखणी, सगळी बंद. कुलूप उघडलं की आधी कुबट वास येतो. खाऱ्या हवेनं बिजागऱ्या खाल्लेल्या, भिंतींना बुरशी. समुद्राजवळचं घर माणसांशिवाय टिकत नाही. तुमच्या घरात माणसं खेळती आहेत, म्हणून ते धड आहे. दोन तास मी तेच बघत होतो." मग ते जरा थांबले. "फक्त ताबा मिळाल्यावर कोड आम्ही बदलणार."

"बदला की," तात्या म्हणाले. ते त्यांनी दोनदा म्हटलं.

व्यवहार झाला. उचगावला शेड उभी राहिली. उद्घाटनाला तात्यांनी फीत कापली आणि मशीनचा आवाज ऐकत ते बराच वेळ उभे राहिले. पोराच्या कपाळावरची आठी गेली होती. विकलं ते योग्यच झालं, यात त्यांना शंका नव्हती.

सवय मात्र जाईना. सुट्ट्या जवळ आल्या की कुणी तरी विचारील आणि आपल्याला 'आता आपला न्हाय तो' असं सांगावं लागेल, या धास्तीनं ते कट्ट्यावर बसायचे. पण कुणीच विचारलं नाही. दिवाळी गेली, उन्हाळा आला. जोतीराम हवापाण्याचं बोलायचा, धोंडुबाई गुडघ्यांचं. समुद्राचं नाव कुणी काढत नव्हतं. माणसं किती लवकर विसरतात, असं तात्यांच्या मनात येई आणि ते उठून घरी येत.

एके दिवशी चहा देताना विठाबाई म्हणाली, "अहो, एकदा पाण्यात पाय बुडवून यावं वाटतंय."

 हॉटेलात जाता आलं असतं, पण विठाबाईला हवं असलेलं पाणी कुठलं, ते त्यांना ठाऊक होतं. आयुष्यभर त्यांनी घर दिलं होतं. मागितलं कधीच नव्हतं. मागणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचारही त्यांनी कधी केला नव्हता. फोन घेऊन ते माडीवर गेले. खाली आले. पुन्हा वर गेले. शेवटी नंबर लावला.

"बोला तात्या!" अभिरामराव म्हणाले. तात्यांनी पुण्यातला उकाडा विचारला, लीलाताईंची तब्येत विचारली, यंदा गुळाचा उतारा कसा आहे ते सांगितलं. पलीकडचा माणूस धीरानं ऐकत होता.

"ते... म्हंजे... विठाबाई म्हणत होती..." तात्यांच्या कपाळाला घाम आला. "बंगला मोकळा हाय का?"

पलीकडं अभिरामराव मोठ्यानं हसले. "मोकळा? तो मोकळा असतो कधी? गेल्या महिन्यात धोंडुबाईंचं भिशी मंडळ होतं. त्याआधी शिरोळची मंडळी. उद्या, शनिवारी, जोतीराम आहेत."

तात्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय. "तुमी कोड बदलला न्हवता?"

"दुसऱ्याच दिवशी बदलला. मग जोतीराम पुण्याला घरी आले, गुळाची ढेप आणि पातेलं घेऊन. आमच्या सोसायटीत स्वयंपाक करून सगळ्या बिल्डिंगला वाढलं. जाताना लीलानं स्वतःहून कोड दिला. त्यांना नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा."

"आन् मला कुणी बोललं न्हाय?"

"त्यांनीच बजावलं होतं. तात्यांच्या कानावर घालू नका, त्यांना विकल्याचं दुःख आहे, उगीच जखम उघडी व्हायची. आम्ही आपले वाट बघत होतो. सगळं कोल्हापूर येऊन गेलं, तात्या, तुम्हीच तेवढे राहिलात."

फोन ठेवल्यावर तात्या जिन्यात बसून राहिले. आधी त्यांना भयंकर राग आला. मग रागाचं काय करावं ते कळेना. मग डोळे पुसून ते उठले आणि चपला घालून सरळ कोपऱ्यावर गेले.

जोतीराम जीपमध्ये मोठं पातेलं चढवत होता. तात्यांना बघून त्यानं पातेल्यावर घाईनं पोतं टाकलं.

"कुठं रं निघालाईस?"

"हे... वडगावला, तात्या. पेठ वडगावला. पावण्याकडं जेवाण हाय."

"पातेलं घिऊन?"

"त्यांच्यात भांडी कमी हायत."

"आन् मागं ते टॉवेल कशाला भरलायस एवढे?"

जोतीरामनं टॉवेलांकडं असं पाहिलं, की जणू ते आपणहून गाडीत चढले होते. "लई घाम येतोय वडगावला, ह्या दिवसांत."

"बरं," तात्या म्हणाले. "गाडीत दोघांची जागा ठेव. आमी बी येतोय."

"वडगावला?" जोतीरामचा आवाज फाटला. "तुमी काय करणार तितं, तात्या?"

"मी काय न्हाय. तुझ्या काकूला वडगावचा समुद्र बघायचाय."

 जोतीरामनं पातेल्यावरचं पोतं काढलं, पातेलं पुढं सरकवलं आणि मागच्या सीटवरचे टॉवेल उचलून दोघांपुरती जागा केली.